खेळण्यांवरचा मारामारीचा ॲनिमेशन पिक्चर लहान मुलाला दाखवायचा का, हे आधी कसं तपासायचं

मागच्या दिवाळीत माझ्या बहिणीकडे सगळी मावसभावंडं जमली होती आणि मोठ्या पोरांनी टीव्हीवर ट्रान्सफॉर्मर्स वन लावला, गाडीचे रोबो होणाऱ्या खेळण्यांवरचा पिक्चर, हिंदीतला. माझी थोरली तेव्हा नऊची, धाकटा साडेचारचा. धाकट्याकडे एक लाल-निळा ट्रक आहे, त्याचे हातपाय उघडले की रोबो होतो, आणि तो ट्रक रोज रात्री त्याच्या उशाशी असायचा. पिक्चर चालू असताना हा एकदम मजेत होता, मारामारी आली की सोफ्यावर उड्या मारत होता, त्यामुळे आम्ही बहिणी आत निवांत गप्पा मारत बसलो. रात्री घरी आल्यावर त्याने तो ट्रक उचलला आणि चपलांच्या रॅकमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात नेऊन ठेवला. का रे ठेवलास तिकडे विचारलं तर म्हणाला, "त्याच्या मित्राने त्याचा हात सोडला." बस, एवढंच.

ज्यांनी पिक्चर बघितला नाहीये त्यांना शेवट सांगते, कारण मुलाला दाखवायचं ठरवणाऱ्याला शेवट माहीत असायलाच हवा. ऑरायन पॅक्स आणि डी-१६ हे दोघं जिवलग दोस्त, खाणीत काम करणारे साधे रोबो. ज्याच्यावर विश्वास ठेवला तो नेता खोटा निघतो, डी-१६ रागाने पेटतो, त्याला मारायला निघतो, ऑरायन मध्ये पडतो आणि वार ऑरायनलाच लागतो. तो खाली पडायला लागतो, डी-१६ त्याचा हात धरतो, आणि मग मुद्दाम सोडून देतो. पुढे ऑरायन ऑप्टिमस प्राइम, म्हणजे आमच्याकडचा तो लाल-निळा ट्रक, होऊन परत येतो आणि डी-१६ मेगाट्रॉन होतो. मोठ्यांना यात मजा येते, कारण हे दोघं पुढे वैरी होणार हे आपल्याला आधीपासून माहितीये. साडेचार वर्षांच्या मुलाला फक्त एवढंच दिसतं की बेस्ट फ्रेंडने हात सोडला, आणि जो पडला तो माझा ट्रक आहे.

तोपर्यंत मी काय करायचे, तर मारामारी किती आहे तेवढं बघायचे. रक्त नाही ना, शिव्या नाहीत ना, झालं, लावा. त्या रात्रीनंतर कळलं की मारामारी मोजून काहीच कळत नाही, ज्या खेळण्याला मूल जवळ घेऊन झोपतं त्याचं पिक्चरमध्ये काय होतं ते बघायला लागतं. तेव्हापासून मी असा प्रत्येक पिक्चर आधी तपासते, सोसायटीतल्या बाकीच्या आया पण विचारतात, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय. वय साधारण ३ ते ८ धरलंय.

खेळण्यांवरचा पिक्चर वेगळा का धरायचा

नेहमीच्या कार्टूनमधलं पात्र पडद्यावर राहतं, टीव्ही बंद केला की गेलं. इथं ते पात्र आधीपासून घरात असतं, त्याला मुलाने नाव दिलेलं असतं, आंघोळीला नेलेलं असतं, कधी खोटंखोटं वरणभातसुद्धा भरवलेला असतो. त्याला पडद्यावर काही झालं की ते घरात येतं.

याचा सगळ्यात मोठा धडा खेळणी बनवणाऱ्यांनाच मिळालाय. १९८६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्सचा पहिला ॲनिमेशन पिक्चर आला. तेव्हा ही खेळणी विकणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीला १९८४-८५ ची जुनी खेळणी बाजूला करून नवीन बाजारात आणायची होती, म्हणून पिक्चरमध्ये जुनी पात्रं सरळ मारून टाकली, पिक्चर अर्धा व्हायच्या आत ऑप्टिमस प्राइमसुद्धा मेला. थिएटरात मुलं रडायला लागली, आईबापांनी तक्रारीची पत्रं लिहिली आणि शेवटी १९८७ मध्ये मालिकेत ऑप्टिमसला परत जिवंत करावं लागलं. त्याच कंपनीच्या जी.आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांच्या १९८७ च्या पिक्चरमध्ये ड्यूक नावाचा हिरो मरणार होता, पण हा गोंधळ बघून वरून एक संवाद घालून तो कोमात गेलाय असं दाखवलं. कंपनीच्या हिशोबात ती जुनी प्रॉडक्ट होती, मुलांच्या हिशोबात घरातलं कोणीतरी होतं. हा फरक मोठ्या कंपनीच्या लक्षात आला नाही तर आपल्याही पटकन येणार नाही, म्हणून तो मुद्दाम शोधायला लागतो.

याच्या उलट उदाहरण म्हणजे हीमॅन. चाळिशीच्या आसपासच्यांना आठवत असेल, दूरदर्शनवर लागायचा. तोही खेळण्यावरूनच आलेला, खेळणी १९८२ ला आणि मालिका १९८३ ला. पण त्याच्या हातात एवढी मोठी तलवार असून तो ती सहसा कोणाच्या अंगावर चालवायचा नाही, उचलून चिखलात टाकायचा किंवा दरवाजे तोडायचा. म्हणजे खेळणं विकायला काढलेली गोष्ट आहे म्हणून ती वाईटच असणार असं काही नाही, प्रत्येक वेळी वेगळं तपासायचं.

पहिलं काम: पिक्चर नंतर, आधी आपल्या मुलाबद्दल चार ओळी लिहा

खरंच कागदावर लिहा, मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल. एक, त्या पिक्चरमधलं कुठलं खेळणं आपल्या घरात आहे आणि मूल त्याच्याशी कसं वागतं, नुसतं आपटतं की जवळ घेऊन झोपतं. दोन, सध्या मुलाला कशाची भीती वाटतेय, अंधार, मोठा आवाज, आई ऑफिसला जाणं, मुखवटा घातलेली माणसं, काहीही. तीन, गेल्या काही महिन्यांत घरात काय झालंय: कोणी गेलंय का, बाळ आलंय का, घर बदललंय का, शाळेत मित्र तुटलाय का. चार, मागच्या वेळी काय बघून रडलं होतं.

तिसरी ओळ बरेच जण सोडून देतात पण सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. माझ्या धाकट्याचं नेमकं त्याच महिन्यात बालवाडीतल्या जवळच्या मित्राशी बिनसलं होतं, तो मित्र दुसऱ्याच्या शेजारी बसायला लागला होता. मला ते माहीत होतं, फक्त त्याचा आणि पिक्चरचा संबंध मी जोडला नव्हता.

सर्टिफिकेट वाचायचं, पण तिथेच थांबायचं नाही

आपल्याकडे आधी यू, यूए, ए आणि एस अशीच सर्टिफिकेटं होती. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ ला दुरुस्ती झाली आणि यूएचे तीन भाग झाले, ७+, १३+ आणि १६+. ओटीटीवर हेच आकडे २०२१ च्या आयटी नियमांपासून दिसतात, सोबत पिक्चर कशामुळे त्या गटात टाकलाय तेही थोडक्यात लिहिलेलं असतं. यूए मधला आकडा पालकांसाठी सल्ला आहे, थिएटरात तुम्हाला कोणी अडवणार नाही, म्हणजे ठरवायची जबाबदारी आपल्यावरच. ओटीटीवर मुलांचं प्रोफाइल आणि पिन लावून ठेवा, १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना लॉकची सोय देणं प्लॅटफॉर्मला बंधनकारक आहे.

इंग्रजी वाचता येत असेल तर ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाची साइट मला सगळ्यात कामाची वाटते. त्यांचं यू म्हणजे ४ वर्षं आणि वरच्या मुलांना चालेल, पीजी म्हणजे साधारण ८ वर्षांच्या मुलाला अस्वस्थ करणार नाही असा त्यांचा अर्थ आहे, आणि प्रत्येक पिक्चरच्या खाली मारामारी, भीती, भाषा असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. त्यातला भीतीचा भाग आधी वाचायचा, मारामारीचा नंतर.

सर्टिफिकेटवर का थांबायचं नाही ते बघा. द लेगो मूव्ही (२०१४) आणि ट्रान्सफॉर्मर्स वन (२०२४), दोघांना अमेरिकेत पीजीच मिळालंय. एकात प्लॅस्टिकचे ठोकळे तुटतात, परत जोडले जातात, सगळीकडे विनोद आहे. दुसऱ्यात शेवटी एका रोबोला हातांनी फाडून दोन तुकडे करतात. तिथे माणसाचं पात्र असतं तर असा सीन लहान मुलांच्या पिक्चरमध्ये आलाच नसता, धातूचं अंग आहे, लाल रक्त नाही, म्हणून तो आत बसतो. सर्टिफिकेट देताना लाल रक्त दिसतं का याला वजन असतं, पण चार वर्षांच्या मुलाला रोबो आणि माणूस हा फरक आपल्याइतका पक्का नसतो, त्याच्यासाठी तो बोलणारा, हसणारा कोणीतरी होता आणि आता त्याचे दोन तुकडे झाले.

खरं काम: स्वतः आधी बघणे

ट्रेलरवर जाऊ नका. ट्रेलरमध्ये जोक आणि उड्या असतात, रडवणारा भाग मुद्दाम लपवलेला असतो. पूर्ण पिक्चर बघायला वेळ नसेल तर मी चार तुकडे बघते आणि मधलं थोडं फास्ट करून. पहिली दहा मिनिटं, कारण बऱ्याच गोष्टींत तिथेच आईवडील जातात किंवा गाव जळतं. मग मधल्याच्या थोडं पुढे, तिथे साधारण हिरो हरतो, पकडला जातो. मग शेवटची वीस मिनिटं, पूर्ण, आवाजासकट. आणि नावं यायला लागली की पण बंद करायचं नाही, कारण पुढच्या भागासाठी व्हिलन परत आलेला दाखवतात आणि मूल नेमकं तेच घेऊन झोपायला जातं.

बघताना हातात कागद ठेवा आणि वेळ लिहीत जा, कुठल्या मिनिटाला काय. मी काय लिहिते ते सांगते.

सगळ्यात आधी, कोणाला लागतं आणि तो परत येतो का. व्हिलनचे शंभर शिपाई उडाले तर लहान मुलं त्याचं काही घेत नाहीत. ओळखीचं एक पात्र पडलं आणि बराच वेळ उठलं नाही तर घेतात. पडल्यापासून उठेपर्यंत किती मिनिटं जातात तेही लिहा. दोन मिनिटं धरवतात, वीस मिनिटं नाही धरवत, आणि तोपर्यंत मूल उठून गेलेलं असलं तर त्याच्यासाठी तो मेलेलाच राहतो.

दुसरं म्हणजे, तो कोणाकडून पडतो. शत्रूकडून पडणं आणि मित्राकडून, भावाकडून, बापाकडून पडणं यात लहान मुलासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात राग येतो, दुसऱ्यात घर हलतं. आमचं गणित इथेच चुकलं होतं.

तिसरं, चेहरा किंवा अंग बदलणं. यावर अमेरिकेत १९८० च्या दशकात जोआन कॅन्टर आणि सहकाऱ्यांनी काम केलंय. त्यांनी मुलांना टीव्हीवरचा हल्क दाखवला. शाळेत जायच्या वयाआधीची छोटी मुलं सगळ्यात जास्त घाबरली ती साधा माणूस हिरवा राक्षस होतो तेव्हा, आणि थोडी मोठी मुलं त्याच वेळी निवांत झाली, कारण त्यांना माहीत होतं की हा चांगला आहे, आता वाचवणार. म्हणजे लहान वयात काय दिसतं त्याची भीती असते, काय अर्थ आहे ते नंतर कळायला लागतं. खेळण्यांच्या पिक्चरमध्ये तर रूप बदलणं हाच धंदा आहे, गाडीचा रोबो होतो, चांगल्याचा वाईट होतो, डोळे निळ्याचे लाल होतात. गाडीचा रोबो होणं सहसा चालतं कारण ते मुलाने स्वतःच्या हाताने शंभर वेळा केलेलं असतं. ओळखीच्या चेहऱ्याचे डोळे लाल होणं, ते लिहून ठेवा.

चौथं, अडकणं आणि आईबाप. द लेगो मूव्हीचं उदाहरण घेते कारण तो तसा हसरा पिक्चर आहे आणि बरेच जण डोळे मिटून लावतात. त्यात व्हिलनचं हत्यार म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब, सगळ्यांना जागच्या जागी कायमचं चिकटवायचं असा त्याचा बेत. त्यात एका पोलिसाला, ज्याला एक चांगला आणि एक वाईट असे दोन चेहरे आहेत, स्वतःच्या आईवडिलांना चिकटवायला लावतात, तो चांगल्या चेहऱ्याने नाही म्हणतो तर तो चेहराच पुसून टाकतात. एका म्हाताऱ्या पात्राचं डोकं उडतं. सगळं गमतीत आहे, सात-आठ वर्षांची मुलं खदखदून हसतात, माझी थोरली हसली. पण चार वर्षांच्या मुलाला आईबाबा चिकटून बसलेत आणि हलत नाहीत हे फार जवळचं आहे. शेवटी खरी माणसं येतात, एक मुलगा आणि त्याचे बाबा, बाबा सगळं गोंदाने पक्कं करायला बघतात आणि मुलाला खेळायचं असतं. हा भाग मला मनापासून आवडतो, पण त्यात काय चाललंय हे पाचच्या आतल्या मुलांना कळत नाही, अचानक कार्टून का थांबलं म्हणून ती कंटाळतात.

आणि यातलंच एक अगदी घरगुती काम: जे हत्यार घरात मिळतं ते आधी लपवा. हा पिक्चर लावण्यापूर्वी घरातली फेव्हीक्विकची ट्यूब वरच्या कपाटात गेली पाहिजे. लेसर आणि तोफांची कॉपी करता येत नाही, गोंद, दोरी, गच्चीवरून उडी यांची करता येते. अल्बर्ट बंडुरा यांच्या १९६० च्या दशकातल्या प्रयोगात मुलांनी मोठ्या माणसाला बाहुल्याला बदडताना बघितलं आणि मग स्वतः तसंच बदडलं, १९६३ च्या प्रयोगात तर कार्टूनच्या रूपात दाखवूनही. म्हणून मी लेसर सोडून देते आणि घरात जमेल असं काय आहे ते लिहिते.

बाकी, म्हणजे शिव्या, बाथरूमचे जोक, कोणी कोणाला मूर्ख म्हणणं, याची मी फार काळजी करत नाही, ते बोलून सुटतं.

भाषा कुठली लावणार

हा मुद्दा मी कुठे लिहिलेला बघितला नाही आणि आपल्या घरांमध्ये तो फार मोठा आहे. हे पिक्चर इंग्रजीत असतात, हिंदीत डब होतात, मराठीत क्वचितच. मराठी माध्यमातल्या किंवा घरी मराठीच बोलणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलाला इंग्रजी संवाद समजत नाहीत. मग त्याच्यापर्यंत काय पोचतं? स्फोट, ओरडणं, पडणं. जो जोक मारून पिक्चर ती मारामारी हलकी करतो, तो जोक त्याच्यापर्यंत जातच नाही. म्हणजे एकच पिक्चर इंग्रजी समजणाऱ्या मुलाला हलका आणि न समजणाऱ्याला जड जातो, आणि सर्टिफिकेट देणाऱ्याने तर तो समजून घेऊनच बघितलेला असतो.

म्हणून तपासताना एक प्रयोग करा, शेवटचा भाग एकदा आवाज बंद करून बघा. न समजणाऱ्या मुलाला जे दिसणार ते तेच आहे. मग ठरवा. मुलाला हिंदी बऱ्यापैकी कळत असेल तर हिंदी लावा, नाहीतर शेजारी बसून मराठीत सांगत सांगत बघा, तेही छान होतं, आमच्याकडे आजी हे काम करतात आणि त्यांच्या तोंडून मेगाट्रॉन ऐकायला मुलांना फार आवडतं.

ठरवायचं कसं

कागद समोर घ्या, मुलाच्या चार ओळी एका बाजूला, पिक्चरची यादी दुसऱ्या बाजूला. जिथे दोन्ही जुळतात तिथे गोल करा. एकही गोल नसेल तर लावा. एक गोल असेल तर तयारी करून लावा, तयारी खाली सांगते. दोन-तीन गोल असतील तर सहा महिने थांबा, आणि "तू लहान आहेस" म्हणून नाही सांगायचं, "यात अमुक एक भाग आहे, तो मला तुझ्यासाठी आत्ता बरा वाटत नाहीये" असं सांगायचं. मुलांना कारण दिलेलं चालतं.

तीनच्या आतल्या मुलाला मी हे पिक्चर दाखवतच नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं सांगणं दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि २ ते ५ वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत असं आहे. द लेगो मूव्ही १०० मिनिटांचा, ट्रान्सफॉर्मर्स वन १०४ मिनिटांचा, म्हणजे पाचच्या आतल्यांना दोन दिवसांत तोडून दाखवायला लागतो. कुठे तोडायचा हे पण आधी ठरवा. हिरो पकडला गेलाय, लटकलाय, अशा जागी टीव्ही बंद करून मुलाला झोपवू नका, तो रात्रभर तिथेच लटकलेला राहतो. सगळे एकत्र बसून बोलतायत, हसतायत, अशी जागा शोधून तिथे थांबा.

दोन मुलांच्या वयात अंतर असेल तर धाकट्याच्या हिशोबाने ठरवा, थोरलीला वेगळ्या वेळी दाखवा. थोरली थोडी चिडते, पण तिला आईबाबांसोबत एकटीला पिक्चर बघायला मिळतो हे तिला नंतर आवडायला लागलं.

तयारी

एक गोल असेल तर शेवट आधी सांगून टाका. मोठ्यांना स्पॉयलर नको असतो, लहान मुलांना हवा असतो, एकच गोष्ट रोज रात्री ऐकणारं मूल आहे ते. घरातली खेळणी घेऊन बसा आणि गोष्ट करून दाखवा, हा पडतो, मग त्याला चमकणारी शक्ती मिळते, मग तो उठतो, आणि पडण्यापासून उठण्यापर्यंतचा भाग दोन-तीनदा करा. नुसता सीन पुढे ढकलून स्किप करायचा उपाय मला फारसा पटत नाही, शाळेत कोणीतरी सांगतंच, आणि मग ते आईने लपवलेलं काहीतरी भयंकर होतं असं डोक्यात बसतं.

पहिल्यांदा घरीच दाखवा. थिएटरात पॉज नाही, आवाज कमी करता येत नाही, अंधार असतो, आणि पिक्चरआधी दुसऱ्याच मोठ्यांच्या पिक्चरचे ट्रेलर लागू शकतात. जायचंच असेल तर सकाळचा शो, कडेची सीट, जाहिराती संपता संपता आत जायचं, थ्रीडी नको कारण तो चष्मा छोट्या नाकावर बसत नाही, आणि आवाज अडवणारे कानावरचे हेडफोन सोबत ठेवायचे. घरी असाल तर दिवसा, लाइट चालू ठेवून, रात्रीच्या जेवणाच्या बऱ्याच आधी लावा म्हणजे झोपेपर्यंत मध्ये चार-पाच तास जातात.

खेळण्यांच्या खरेदीचं पण जायच्या आधीच बोलून घ्या. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या समितीने २००४ मध्येच म्हटलंय की आठच्या आतल्या मुलांना जाहिरात आपल्याला काहीतरी विकायला बघतेय हे नीट ओळखता येत नाही, आणि हा तर दीड तासाचा पिक्चर आहे, त्यात नवीन गाडी, नवीन चिलखत, नवीन रंग का येतात हे मुलाला कसं कळणार. आमच्याकडे नियम असा की पिक्चर बघितल्याच्या दिवशी खेळणं घ्यायचं नाही, दहा दिवसांनी पण तेच हवं असेल तर वाढदिवसाच्या यादीत लिहायचं. मॉलमध्ये बाहेर पडताना समोर दुकान असतं, तिथे रडारड होतेच, पण नियम आधी ठरलेला असेल तर ती पाच मिनिटांत संपते.

बघताना

शेजारी बसा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तेच मी त्या दिवाळीत केलं नाही. घाबरलेलं मूल रडतंच असं नाही. सारखं शू लागणं, एकच प्रश्न परत परत विचारणं, मध्येच भलतंच काहीतरी बोलायला लागणं, जरा जास्तच मोठ्याने हसणं, आणि हो, सोफ्यावर उड्या मारणं सुद्धा. तेव्हा "हे खरं नसतं रे" म्हणून पाच-सहाच्या आतल्या मुलांचं फारसं समाधान होत नाही, मांडीवर घेणं, पांघरूण देणं, पाणी देणं याने होतं. सात-आठच्या मुलाला मात्र समजावून सांगितलेलं उपयोगी पडतं, हे चित्र कसं काढतात, आवाज कोण देतं वगैरे.

आणि घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा, "मुलगा असून घाबरतोस काय" हे वाक्य बोलायचं नाही. ते ऐकलेलं मूल घाबरायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं, आणि मग आपल्याला कळायला मार्ग उरत नाही.

नंतरचे तीन दिवस

पिक्चर चालला की नाही हे पिक्चर संपल्यावर कळत नाही, खेळात कळतं. पहिल्या दिवशी ढिशुम ढिशुम होणारच, त्याला एकच नियम, वार हवेत करायचा, अंगावर नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खेळ बदलायला लागला, रोबो भाजी आणायला गेला, व्हिलनला ताप आला, कोणीतरी नवीन आलं, म्हणजे मुलाने गोष्ट पचवली. तोच एक सीन तसाच्या तसा, हसू न येता, परत परत होत असेल, किंवा खेळणं लपवलं असेल, झोपताना दार उघडं ठेवायला सांगत असेल, तर पिक्चर जड गेलाय.

जड गेला तर पिक्चरची मनाई करून विषय बंद करू नका. त्या सीनवर खेळा. आम्ही स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं घेतलं, तो खड्डा, काठावर ट्रक आणि दुसरा एक राखाडी रोबो. मी राखाडी धरला आणि विचारलं, आता काय करायचं याने? पहिल्या दिवशी तो म्हणाला सोड. मी सोडला. चार-पाचदा सोडला. मग तो म्हणाला आता धर. मग पातेल्यात एक उशी टाकली. मग राखाडी पण आत पडला आणि दोघं आत बसून चुरमुरे खायला लागले. मित्राचा विषय त्यानेच तिथे काढला, मी नाही काढला, आणि दुसऱ्या दिवशी मी बालवाडीत बाईंशी जाऊन बोलले.

ट्रक चपलांच्या रॅकमधून उशाशी यायला नऊ दिवस लागले. यंदा मे महिन्यात तो स्वतःच म्हणाला की तो पिक्चर परत बघायचाय. मी म्हटलं, त्यात हात सोडायचा सीन आहे, आठवतंय ना? म्हणाला, माहितीये, तेव्हा मी ट्रकला धरून बसणार आणि तू मला धरून बस.